सोनं शिकलेली पुतणी

"ही आमची पुतणी. सोनं कसं तयार होतं, त्यात डॉक्टर झालीय." विट्याजवळच्या आमच्या गावात, चुलतभावाच्या मुलाच्या जावळाला जमलेल्या पाहुण्यांपुढं काकांनी माझी अशी ओळख करून दिली तेव्हा मी पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होते. ऐकणारे सगळे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. एक कोईमतूरहून आलेला, एक एर्नाकुलमहून, एक पार तिकडं बरेलीहून. जत्रा, जावळं आणि लग्नं साधून उन्हाळ्यात गावी येणारी ही माणसं. त्यांच्यातल्या एकानं ताटावरून मान वर केली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "मग करूनच दाखवा की ताई. आमी कशापायी ॲसिडात हात घालतोय?" पंगत हसली, काका सगळ्यांत मोठ्यानं. मीही हसले आणि पुढच्याच्या पेल्यात पाणी ओतलं. सांगलीला परतताना तासगावच्या अलीकडं एसटी जरा थांबली, खिडकीतून बेदाण्याच्या शेडवरचा गंधकाच्या धुरीचा वास आत आला आणि ते वाक्य पुन्हा डोक्यात घुसलं. सोनं कसं तयार होतं, त्यात डॉक्टर. खोटं म्हणावं तर तसं नाही, आणि खरं म्हणावं तर तसंही नाही.

हे वाक्य काकांना पुरवलं मीच. पीएचडीच्या मधल्या वर्षांत घरच्यांचा एकच प्रश्न असे: एवढं शिकून तू नक्की करतेस काय? "न्यूट्रॉनबहुल केंद्रकांच्या उत्तेजित अवस्थांचा अभ्यास" असं सांगून बघितलं, तर पलीकडून "बरं, जेवलीस का?" असं यायचं. आईला वाटायचं अणुबॉम्ब. आत्याला वाटायचं एक्स-रे. मग एकदा फोनवर काकांना म्हटलं, काका, तुम्ही जे सोनं वितळवता ना, ते मुळात तयार कसं झालं, ते असल्या अभ्यासातून कळतं. फोनवर क्षणभर काही आलंच नाही. मग म्हणाले, "हां, मग असं सांग की." त्या दिवसापासून घरात माझी किंमत वाढली, हे मी नाकारणार नाही. खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला सोन्याबद्दल काही सांगायचं म्हणजे थेट त्याच्या चुलीबद्दल बोलणं आहे. पाऊस नाही, जमीन माळाची; टेंभूचं पाणी यायला कितीतरी वर्षं लागली. तोवर घरटी एक-दोन पोरं गलाईला देशभर पांगली होती. आजही आमच्या गावात वर्षाचे दहा महिने कुलूपबंद असलेले बंगले आहेत, आणि अंगणात खेळणारी नातवंडं आपसांत तमिळमध्ये भांडतात.

लहानपणी एका सुट्टीत काकांच्या कोईमतूरच्या दुकानात राहिले होते. दुकान म्हणजे एक खोली, मागं भट्टी, पुढं काचेच्या पेटीत तराजू. गिऱ्हाईक मोडीचे दागिने आणायचं. काका एकेक डाग कसोटीच्या काळ्या दगडावर घासायचे, रेघेवर ॲसिडचा थेंब सोडायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. मग सगळं मुशीत, वर टाकणखार. त्यात चांदी मिसळून, पुन्हा वितळवून तो माल नायट्रिक ॲसिडात सोडला की तांबूस-पिवळा धूर उठायचा आणि मला बाहेर हाकललं जायचं; मी दाराच्या फटीतून बघायचे. चांदी विरघळून जायची आणि भांड्याच्या तळाशी उरायचा मळकट तपकिरी गाळ. हे सोनं आहे, यावर माझा विश्वास बसला नव्हता. काकांनी तो धुतला, वाळवला, पुन्हा मुशीत घातला, आणि मूस कलंडताना जे पिवळं ओघळलं त्याचा प्रकाश त्यांच्या हनुवटीवर पडलेला अजून दिसतो. लगड गार झाली की वजन. आधीचं वजन, नंतरचं वजन, आणि मधला फरक वहीत एका रकान्यात: घट. दिवसभर कितीही माल वितळो, संध्याकाळी काका त्या रकान्याकडंच सगळ्यात जास्त वेळ बघत बसायचे. खोली झाडलेला केरसुद्धा ते पोत्यात भरून ठेवत. त्यातूनही सोनं निघतं.

तर सोनं कसं तयार होतं?

सोन्याच्या एका अणूच्या गाभ्यात, म्हणजे केंद्रकात, ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन. ताऱ्याच्या पोटातल्या नेहमीच्या जळण्यानं इतकं जड काही घडत नाही. लोखंडाच्या आसपास तो धंदा फायद्यात चालायचा थांबतो. पुढं जायचं तर न्यूट्रॉन गिळत जायला हवं, आणि तेही असे भराभर की केंद्रकाला मधे रूप पालटायला सवडच मिळू नये. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे जवळजवळ न्यूट्रॉनांचेच बनलेले विझलेले तारे, एकमेकांवर आदळतात तेव्हा असा मोका येतो. सेकंदाभराच्या त्या धुमश्चक्रीत केंद्रकं न्यूट्रॉनांनी इतकी फुगतात की पृथ्वीवर त्यांचा मागमूस नाही. न्यूट्रॉनांची संख्या १२६ झाली की मात्र गाडी अडते. १२६ ही भरलेली घडी आहे (शास्त्राच्या भाषेत कवच), तिच्यावरचा पुढचा न्यूट्रॉन धड चिकटत नाही. मग एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन होईपर्यंत थांबायचं, एक न्यूट्रॉन घ्यायचा, पुन्हा १२६, पुन्हा थांबायचं. थांबण्याच्या त्या जागी माल साचतो. आणि न्यूट्रॉनांचा पाऊस ओसरला की साचलेला माल पायरी-पायरीनं स्थिर होत जातो. समजा ७१ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉनांचं एखादं केंद्रक आहे. त्याचे आठ न्यूट्रॉन एकामागून एक प्रोटॉन झाले की शेवटी उरतं ते ७९ आणि ११८. ऑस्मियम, इरिडियम, प्लॅटिनम आणि सोनं ही सगळी मंडळी एकाच वजनाच्या आसपास का सापडतात, याचं उत्तर त्या थांब्यात आहे. काकूंच्या पाटल्यांचं वजन, पुष्कळ अंशी, सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात नाहीशा झालेल्या केंद्रकांनी ठरवलंय. त्या बाजूची बहुतेक केंद्रकं आजही कुठल्याच प्रयोगशाळेत नीट मोजता आलेली नाहीत.

इतकं सांगितलं की ऐकणारा खूश होतो. माझी पंचाईत इथूनच सुरू होते, कारण यातलं माझं काहीच नाही. मी १२६ च्या आसपास कधी फिरकलेच नाही. माझी वस्ती ८२ न्यूट्रॉनांच्या, तशाच आणखी एका भरलेल्या घडीच्या, गल्लीत: कथील, अँटिमनी, टेल्युरियम. पंगतीत कुणी टेल्युरियमचं नाव ऐकून ताटावरून मान वर करणार नाही.

माझं काम म्हणजे रात्रपाळ्या. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, अल्फा कणांचा (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉनांच्या गाठोड्यांचा) झोत यायचा आणि युरेनियमच्या पातळ पत्र्यावर आदळायचा. आदळल्यावर ९४ प्रोटॉनांचं एक अस्थिर केंद्रक बनतं आणि फुटतं. दोन तुकडे होतात, दोन्ही न्यूट्रॉनबहुल, दोन्ही जन्मतःच तापलेले आणि गरगर फिरणारे. एकाकडं ५२ प्रोटॉन गेले, म्हणजे तो टेल्युरियम, की दुसऱ्याकडं ४२ राहतात, म्हणजे तो मॉलिब्डेनम. हे तुकडे ऊर्जेचा जिना पायरी-पायरीनं उतरत शांत होतात, उतरताना गॅमा किरण सोडतात, आणि पत्र्याभोवती तोंड आत करून बसवलेले क्लोव्हर डिटेक्टर ते टिपतात. एकेका क्लोव्हरमध्ये जर्मेनियमचे चार स्फटिक, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं गार ठेवलेले. नायट्रोजन भरायची वेळ आली की नळीतून फुसकारत पांढरं धुकं जमिनीवर उतरायचं, घोट्याभोवती रेंगाळायचं आणि चपलेतून बोटांना चावायचं. कंट्रोल रूममध्ये एसी इतका की कोलकात्याच्या मे महिन्यात मी सोलापुरी चादर पांघरून बसायचे. पडद्यावर काही दिसत नाही, फक्त आकडे वाढत असतात. झोत बंद पडला की सगळे जागे होतात.

खरी गंमत नंतर, महिनोन्महिने. या फुटण्यात, म्हणजे विखंडनात, शेकडो प्रकारची केंद्रकं बनतात आणि सगळ्यांचे गॅमा किरण एकाच आलेखात येऊन पडतात. नुसता बघितला तर दाट झुडूप. पण एकाच केंद्रकातून एकापाठोपाठ निघालेले किरण एकाच वेळी पोहोचतात. म्हणून १२७९ केईव्हीच्या (केईव्ही हे ऊर्जेचं माप) रेषेला पकडायचं आणि विचारायचं, ही रेषा आली तेव्हा सोबत आणखी कोण आलं? झुडूप नाहीसं होतं आणि दोन रेषा उभ्या राहतात: २९७ आणि ११५. ते टेल्युरियम-१३४ (५२ प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉन मिळून १३४). आणि जरा बारकाईनं पाहिलं तर १९२ वर एक लहानसा उंचवटा. तो मॉलिब्डेनम-१०४, त्याच क्षणी फुटून विरुद्ध दिशेला गेलेला जोडीदार. तोही त्याच यादीत हजर. पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून तो १९२ वर आला तेव्हा हॉस्टेलवर कुणाला सांगावं कळेना, म्हणून खाली जाऊन चहा प्यायले. टेल्युरियम-१३४ च्या त्या जिन्यात एक मजेशीर पायरीही आहे. १६९१ केईव्हीवर पोचलेलं केंद्रक तिथं रेंगाळतं, १६४ नॅनोसेकंद त्याचा अर्धायुष्यकाळ. म्हणजे सेकंदाचा साठ लाखावा भाग. बाकीच्या पायऱ्या ज्या वेगानं उतरल्या जातात, त्या मानानं हा मुक्कामच म्हणायचा.

या आकड्यांवरून आतली घडण कशी कळते, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी फळ्यावर फक्त तीन आकडे लिहिते. कथील-१३२ ला जागं करायला ४०४१ केईव्ही लागतात. त्यात ५० प्रोटॉन, ८२ न्यूट्रॉन, दोन्ही घड्या भरलेल्या, म्हणून ते जागचं हलत नाही. दोन प्रोटॉन वाढवले की टेल्युरियम-१३४, १२७९. आणखी दोन न्यूट्रॉन घातले की टेल्युरियम-१३६, फक्त ६०६. झिर्कोनियमचा नमुना तर याहून चक्रावणारा: झिर्कोनियम-९८ ला १२२३, आणि दोनच न्यूट्रॉन जास्त असलेल्या झिर्कोनियम-१०० ला २१२. दोन न्यूट्रॉनांनी गोल केंद्रक लांबट होऊन बसतं. बाकावरची पोरं वहीत आकडे उतरवतात. एखादीच मान वर करून "असं का होतं?" म्हणते, आणि त्या तासाचं माझं काम झालेलं असतं.

२, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. या घड्या कशा पडतात ते १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर यांनी दाखवलं, आणि त्याच सुमारास तिकडं जर्मनीत हान्स येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही. मायर कित्येक महिने त्या आकड्यांशी झगडत होत्या. कडी जुळेना. गप्पा संपवून जाता जाता एन्रिको फर्मींनी सहज विचारलं, स्पिन-ऑर्बिट कपलिंगचा, म्हणजे कणाचं स्वतःभोवती फिरणं आणि कक्षेत फिरणं यांच्या जोडणीचा, काही संबंध दिसतो का? आणि मायरना सगळं लख्ख दिसलं. हे सगळं चाललं होतं तेव्हा शिकागो विद्यापीठ त्यांना प्राध्यापकीचा पगार देत नव्हतं. १९६३ चं नोबेल मिळालं तेव्हा सॅन दिएगोच्या वर्तमानपत्रानं मथळ्यात त्यांना शास्त्रज्ञ नव्हे, 'आई' म्हटलं. आमच्या महाविद्यालयात महिला दिनाला रांगोळी स्पर्धा असते. परीक्षक म्हणून मला बोलावतात आणि मी जाते. असो.

आणि न्यूट्रॉन वाढत गेले की हे आकडेही पाळले जात नाहीत. मॅग्नेशियम-३२ मध्ये २० न्यूट्रॉन आहेत, नियमानं ते ताठ बसायला हवं. प्रत्यक्षात ८८५ केईव्हीवर हलतं, लांबट आहे. उलट कॅल्शियम-५४ मध्ये ३४ न्यूट्रॉन, कुठल्याच यादीत नसलेला आकडा, आणि जपानच्या रिकेन संस्थेत २०१३ मध्ये त्याची पहिली पायरी निघाली २०४३ वर. तिथं नवीनच घडी पडलेली. मी पाठ्यपुस्तकातून शिकले ते स्थिर केंद्रकांचे, म्हणजे दगडामातीत सापडतात त्यांचे नियम. टोकाकडं गेलं की ते स्थानिक निघतात. खरं सांगायचं तर मला या कामात धरून ठेवलं ते यानं. सोन्यानं नाही. कॅल्शियम-५४ कुठल्याही दागिन्यात उतरलं नसतं तरी मला ते हवंच होतं. पण हे नातेवाइकांपुढं कसं बोलायचं? आईबापानं एक एकर विकून शिकवलेल्या मुलीनं "मला आवडतं म्हणून" म्हणणं आमच्याकडं माजोरीपणाचं वाटतं. सोनं मधे धरलं की तोंड लपवता येतं.

मग एकदा स्वतःशीच हिशेब मांडून पाहिला, की आपल्या गल्लीतून निघून घरोघर काय पोचतं? सोनं १२६ च्या थांब्यावरचं, तसं ८२ च्या थांब्यावरचं काय? तिथला प्रसिद्ध थांबकरी कॅडमियम-१३०: ८२ न्यूट्रॉन, आयुष्य सेकंदाच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. त्याचं ८२ चं कवच शाबूत आहे का, यावर बराच काळ वाद होता. २००७ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला त्याची पहिली पायरी १३२५ वर सापडली आणि कवच टिकून असल्याचं दिसलं. या थांब्याच्या आसपास साचलेल्या मालातून पुढं येतात टेल्युरियम, झेनॉन आणि आयोडीन. जगातलं बहुतेक आयोडीन याच वाटेनं आलंय, आणि आयोडीन होण्याआधीची त्याची शेवटची पायरी असते टेल्युरियम-१२७. म्हणजे माझ्या शेजाऱ्यांचा माल सराफकट्ट्यावर नाही, किराणा दुकानात मिळतो, मिठाच्या पुडीत. काकू रोज पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची बारीक गोळी घेतात. त्या औषधाच्या एकेका रेणूत आयोडीनचे चार अणू. हातात पाटल्या आणि जिभेवर गोळी, दोन्ही तसल्याच कुठल्या तरी धडकेतून आलेलं. त्यातली पाटली काढून ठेवली तर काकूंचं काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट मला लहान मुलासारखी सुखावून गेली. ७ मार्च २०२३ ला गॅमा किरणांचा एक प्रचंड स्फोट नोंदला गेला, बहुधा अशाच दोन ताऱ्यांच्या धडकेचा. जेम्स वेब दुर्बिणीनं त्यानंतर तिकडं रोखून पाहिलं, तर अवरक्त प्रकाशात एक ठळक रेषा मिळाली, आणि अभ्यासकांनी ती टेल्युरियमची असावी असा निष्कर्ष काढला. सोन्याचा अंदाज सगळे बांधतात. सोन्याची स्वतःची सही अशा प्रकाशात अजून कुणी वाचलेली नाही. टेल्युरियमची, बहुधा, वाचली गेली. ती बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. मराठीचे सर म्हणाले, वा, पेढे कधी?

गेल्या महिन्यात काका-काकू सांगलीला आमच्याकडं मुक्कामाला होते. काकूंची मिरजेत तपासणी होती. विश्रामबागच्या आमच्या गॅलरीत काका चहा बशीत ओतून गार करत बसले होते, तेव्हा मी विषय काढलाच. म्हटलं, काका, तुम्ही पाहुण्यांना सोन्याचं सांगता, पण माझं काम टेल्युरियमवर आहे. सोन्याशी लांबचं नातं आहे, इतकंच.

"म्हाईत हाय की मला," काका म्हणाले. "तुझ्या पुस्तकावर नाव वाचलंय, दोनदा. पर तेलुरियम म्हणलं तर कोण ऐकतंय?"

म्हणजे ही त्यांची दुकानदारी होती. गिऱ्हाईक ओळखून माल दाखवायचा. यावर मी काय बोलणार? मग त्यांनीच विचारलं म्हणून सगळं सांगितलं: थांबे, पायऱ्या, मिठातलं आयोडीन, काकूंची गोळी. काका अधूनमधून "हां" करत होते. चहा संपला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं. ते जे वर बनतंय सोनं, त्यात घट किती जाती?"

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मला कुणी हे विचारलं नव्हतं. घट जातेच. सुटे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आधी तोलले आणि त्यांचं केंद्रक बनल्यावर पुन्हा तोललं, तर केंद्रक हलकं भरतं; जो फरक पडतो तेवढ्या ऊर्जेनं ते एकत्र बांधलेलं असतं. काकूंच्या फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आकडेमोड केली. सोन्याच्या केंद्रकात दर कणामागं सुमारे ७.९ एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही). म्हटलं, काका, किलोभर सुटा माल घेऊन सोनं घडवलं तर हातात ९९१ ग्रॅम आणि वर साधारण अर्धा ग्रॅम येईल. घट जवळजवळ साडेआठ ग्रॅम.

"साडेआठ?" काकांनी चष्मा काढला. "किलोला साडेआठ गेली तर आमचं गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवायचं न्हाई. आन् ती वसूल कशी करायची? केरात?"

"वसूल नाही होत. ऊर्जा होऊन निघून जाते. थोडी गॅमा किरणांत, थोडी आणखी कशात."

"ते गॅमा म्हंजी तू धरतीस त्येच ना?"

"तेच."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग मोठ्यानं हसले, पंगतीत हसले होते तसेच. "म्हंजी माल वरच ऱ्हायला, आन् आमची पोरगी घट मोजतीया."

आतून काकूंचा आवाज आला की फाइल कुणी घेतली, त्यावर कुणी काय लिहिलंय, आणि मिरजेला निघायचं आहे की नाही, नंबर जाईल.